एका इंजिनामागचे डबे

देशात समता किती आली हे मोजण्याची साधने अर्थशास्त्रज्ञांपाशी पुष्कळ आहेत. सामान्य कार्यकर्त्यापाशी त्यांहून सोपे एक साधन आहे आणि त्यासाठी फलाटाच्या तिकिटापलीकडे खर्च नाही. लांब पल्ल्याची एखादी मेल फलाटाला लागली की इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत चालत जावे आणि डबे मोजावेत. कोणत्या वर्गाचे डबे किती, ते गाडीत कोठे जोडले आहेत, कोणत्या डब्याच्या दारात माणसे लोंबकळत आहेत आणि कोणत्या डब्यासमोर फलाट मोकळा आहे, एवढे पाहिले तरी पुरे. जाहीरनामे आणि अर्थसंकल्पी भाषणे शब्दांत असतात. गाडीची रचना कृतीत उतरलेली असते. सरकार कोणाला प्रवासी समजते आणि कोणाला ओझे समजते, याची ती लोखंडात दिलेली कबुली होय.

ही मोजदाद आज निकडीची झाली आहे. गेल्या काही वर्षांत भारतीय रेल्वेच्या गाड्यांची रचना मुळापासून बदलत आली असून हा बदल फारशा चर्चेशिवाय झाला आहे. त्याचे मोल कळण्यासाठी जुन्या गाडीची रचना कशी होती, तीत अन्याय कोठे होता आणि त्या अन्यायातही जपण्याजोगे काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

वाफेच्या काळातील मेल

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहापंधरा वर्षांतील, मुंबईहून उत्तरेकडे निघणारी एखादी मेल डोळ्यांसमोर आणावी. बोरीबंदरला तिला विजेचे इंजिन लागे. कारण इगतपुरीपर्यंत आणि इकडे पुण्यापर्यंत विजेच्या तारा १९३० च्या सुमारासच पोहोचल्या होत्या. कसाऱ्यापुढे सदतीस फुटांस एक फूट असा घाटाचा चढ असल्याने मागून आणखी इंजिने लावावी लागत. इगतपुरीस विजेचे इंजिन सुटे आणि वाफेचे जोडले जाई. इंजिनाच्या मागे बहुधा सामानाचा अथवा पार्सलचा डबा असे. त्याला लागून तिसऱ्या वर्गाचे दोनतीन डबे, मग रात्रभर पत्रांची वर्गवारी करीत जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचा टपालाचा डबा. गाडीच्या मध्यभागी वरच्या वर्गांचे डबे आणि त्यांच्या शेजारी डायनिंग कार. त्यापुढे पुन्हा तिसऱ्या वर्गाचे डबे, आणि सर्वांत शेवटी गार्डाचा डबा. एकूण बारा ते पंधरा डब्यांचा हा संसार. प्रत्येक गाडीचा तपशील थोडा निराळा असे. परंतु कडांना तिसरा वर्ग आणि मध्यावर वरचा वर्ग हा साचा सहसा मोडत नसे.

या साच्याला काही तांत्रिक कारणे होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. निर्वात ब्रेकवर चालणाऱ्या गाडीची लांबी मनास येईल तशी वाढवता येत नव्हती. लाकडी बांध्याचे डबे पोलादी डब्यांच्या आत ठेवावेत, म्हणजे टकरीत त्यांचा चुराडा होणार नाही, असा सुरक्षिततेचा दंडक पुढे आला. बिनआरक्षित प्रवाशांची गर्दी फलाटाच्या दोन्ही टोकांना विभागली गेली म्हणजे मधला जिना आणि दरवाजा मोकळा राहतो, असेही रेल्वेचे अधिकारी सांगत. ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु वाफेच्या इंजिनाचा धूर, काजळी आणि ठिणग्या कोणाच्या तरी अंगावर पडणारच होत्या. त्या कोणाच्या अंगावर पडाव्यात हे यंत्रशास्त्राने ठरवलेले नव्हते. मधला जिना मोकळा राहावा, पण तो कोणासाठी, हाही प्रश्न अभियांत्रिकीचा नव्हता. मुलाला काखेत घेऊन आणि वळकटी डोक्यावर घेऊन फलाटाच्या टोकापर्यंत धावत जाणारी बाई तिसऱ्या वर्गाची होती. हमालामागून सावकाश चालत मध्यावर थांबणारा प्रवासी पहिल्या वर्गाचा होता. ज्या स्थानकांवर फलाट आखूड, तेथे टोकाचा डबा फलाटाबाहेर उभा राही आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशास खडीवर उडी मारावी लागे.

डब्याच्या आतही हीच उतरंड होती. तिसऱ्या वर्गाला लाकडी फळ्यांची बाके आणि खिडकीला लोखंडी गज. वरच्या वर्गाला गाद्या, झडपा, खोलीला लागून स्वतंत्र न्हाणीघर. शिवाय साहेबाचा नोकर जवळ असावा म्हणून पहिल्या वर्गाच्या डब्याला जोडून नोकरांची कोठडी. पुष्कळशा जुन्या डब्यांतून पलीकडच्या डब्यात जाण्याची वाटच नसे. डायनिंग कार एकाच गाडीत असली तरी तिसऱ्या वर्गाच्या माणसाला तेथे जायचे तर स्थानक येईपर्यंत थांबावे लागे, आणि गेलाच तर तेथील दर त्याच्या आवाक्यातले नसत. त्याची शिदोरी फडक्यात बांधलेली असे आणि पाणी स्थानकावरच्या नळाचे.

पैसे कोणाचे, जागा कोणाची

ही व्यवस्था परक्या राज्यकर्त्यांची होती आणि तिच्यावर सर्वांत नेमके बोट गांधीजींनी ठेवले. दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर ते तिसऱ्या वर्गाने देशभर हिंडले आणि १९१७ साली त्यांनी त्या प्रवासाची हकीकत वृत्तपत्रांकडे धाडली. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या मेलमधील त्यांच्या डब्यावर बावीस माणसांची पाटी होती. बावीस माणसे बसू शकत. झोपण्याची सोय कोणालाच नव्हती, आणि मद्रास येईपर्यंत दोन रात्री काढायच्या होत्या. वाटेत माणसे चढतच राहिली आणि रायचूरनंतर दाटी असह्य झाली. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून थोडे अधिक आहे; मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एकपंचमांश तरी सुख मिळते काय, असा त्यांचा साधा त्रैराशिकाचा सवाल होता. दयेची याचना त्यांनी केली नाही, हिशेब मागितला. कारण रेल्वेच्या प्रवाशांत बहुसंख्या तिसऱ्या वर्गाची होती आणि प्रवासी उत्पन्नाचा मोठा भागही त्याच वर्गाच्या खिशातून येत होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी दिल्लीहून अलाहाबादला नेणारी खास गाडी तिसऱ्या वर्गाच्या डब्यांची होती, ती उगाच नव्हे.

महाराष्ट्रात या उतरंडीचे सर्वांत देखणे रूप पाहायचे तर ते दख्खनच्या राणीत पाहावे. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर ही गाडी सुरू झाली तेव्हा तिच्या दोन जोड्या होत्या, प्रत्येकी सात डब्यांच्या. एक चंदेरी, दुसरी निळी. डब्यांचे सांगाडे विलायतेतून आले, पण वरचा बांधा माटुंग्याच्या कारखान्यातील कामगारांनी घडवला. गाडीत वर्ग दोनच होते, पहिला आणि दुसरा. तिसरा वर्ग या गाडीला प्रथम जोडला गेला तो जून १९५५ मध्ये. म्हणजे ज्या कामगारांनी तिचे डबे घडवले, त्यांच्या घरचे माणूस तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर तिच्यात बसायला पंचवीस वर्षे लागली. त्यांतील आठ स्वराज्याची होती. पुढे १९६६ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातील पोलादी डबे आले आणि सात डब्यांची गाडी बारा डब्यांची झाली. जागा वाढवता येतात, त्या कोणासाठी वाढवायच्या हे ठरवावे लागते, एवढाच धडा या इतिहासातून घ्यायचा.

आणि तरीही जुन्या मिश्र गाडीत एक गोष्ट अशी होती की जिची किंमत आज कळते. पहिला आणि तिसरा वर्ग एकाच इंजिनामागे जोडलेले होते. सिग्नल पडला नाही म्हणून गाडी माळरानावर उभी राहिली तर पहिल्या वर्गाचा न्यायाधीश आणि तिसऱ्या वर्गाचा गिरणी कामगार सारखेच खोळंबत. गाडीला चार तास उशीर झाला तर तो दोघांनाही होई. तक्रार वरच्या वर्गाची असे म्हणून चौकशी होई, आणि चौकशीचा लाभ सर्व गाडीला मिळे. हे बंधुत्व नव्हते, केवळ सांध्याचे बंधन होते. परंतु लोकशाहीत असे बंधन पुष्कळ काम करते. ज्यांचा आवाज ऐकला जातो आणि ज्यांचा ऐकला जात नाही, त्यांचे घड्याळ त्या सांध्याने एक ठेवले होते.

नाव गेले, फळी राहिली

स्वातंत्र्यानंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केवळ तिसऱ्या वर्गाचे डबे असलेल्या ‘जनता’ गाड्या निघाल्या. तिसऱ्या वर्गात पंखे आले, झोपण्याची सोय असलेले डबे आले. १९५५ मध्ये पेरांबूरचा कारखाना सुरू झाल्यावर हलक्या पोलादी बांध्याचे डबे देशातच मोठ्या संख्येने बनू लागले. परंतु झोपण्याची सोय म्हणजे लाकडाची उघडी फळी, एवढाच तिचा अर्थ होता. दोन रात्रींच्या प्रवासानंतर उतरणाऱ्या माणसाच्या पाठीवर त्या फळीच्या पट्ट्या उमटलेल्या असत.

१९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला. रद्द झाला म्हणजे त्याचे नाव दुसरा वर्ग असे पडले. डबे तेच, बाके तीच. त्याच वर्षी मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. वीस दिवस चाललेला तो संप अटका, बडतर्फी आणि वसाहतींतून कुटुंबांना बाहेर काढण्याच्या मार्गाने चिरडण्यात आला. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशास नवे नाव आणि गाडी चालवणाऱ्या कामगारास तुरुंग, असा त्या वर्षाचा ताळेबंद आहे. शब्द बदलून समता आणण्याच्या कलेचा याहून स्वच्छ नमुना मिळणे कठीण.

दोन इंचांचा फोम

याच्या उलट उदाहरण तीन वर्षांनी घडले. १९७७ च्या मार्चमध्ये प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतले, आणि प्रवाशांच्या बाबतीत एक निर्णय घेतला, जो कागदावर अगदी किरकोळ दिसतो. दुसऱ्या वर्गाच्या झोपण्याच्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम घालावयाचा. पहिल्या वर्गाला खाली ओढणे हा आपला हेतू नसून दुसऱ्याला वर उचलणे हा आहे, अशी त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस निघाली. तिच्यात एकच वर्ग होता, दुसरा. आणि त्याच्या फळ्यांवर गादी होती. पुढील काही वर्षांत हा फोम देशभरच्या गाड्यांत पोहोचला.

या निर्णयाचे मर्म नीट समजून घेण्याजोगे आहे. त्यात नवे तंत्रज्ञान नव्हते, परदेशी कर्ज नव्हते, मोठी घोषणा नव्हती. फळीवर निजणाऱ्या माणसालाही पाठ असते, एवढीच जाणीव त्यामागे होती. एकदा गादी घातल्यावर पुढच्या कोणत्याही सरकारला ती काढून घेण्याचे धाडस झाले नाही. जी सोय हक्क म्हणून रुजते ती टिकते. जी कृपा म्हणून दिली जाते ती पुढच्या अंदाजपत्रकात गळते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दंडवते ज्या राजापूर मतदारसंघातून निवडून येत, तेथे त्या वेळी रेल्वेच नव्हती. कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत पूर्ण धावू लागली ती जानेवारी १९९८ मध्ये. ज्या मतदारांनी त्यांना लोकसभेत धाडले, त्यांच्या गावी गाडी येण्यापूर्वी वीस वर्षे बिहार-बंगालच्या मजुराच्या पाठीखाली गादी आली. मतांचा हिशेब करणाऱ्या राजकारणात असे सहसा घडत नाही.

तथापि समाजवाद्यांनी या आठवणीत रमून जाऊ नये. गीतांजली एकवर्गी राहिली नाही. कालांतराने तिलाही वातानुकूलित डबे जोडले गेले. एका मंत्र्याने केलेली रचना दुसऱ्या मंत्र्याच्या काळात बदलते, कारण तिला कायद्याचा अथवा संघटित प्रवाशांचा आधार नसतो. ही उणीव त्या काळाची होती आणि आजही ती भरून निघालेली नाही.

आजची गाडी

१९८० च्या दशकातील सर्वसाधारण मेल सोळा ते अठरा डब्यांची झाली होती. वाफेची जागा डिझेल आणि विजेच्या इंजिनांनी घेतली, हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले आणि लांबीची जुनी मर्यादा सैल झाली. त्या गाडीत दुसऱ्या वर्गाचे शयनयान हा कणा होता. आठ-नऊ डबे त्याचे, टोकांना तीन-चार बिनआरक्षित डबे, आणि मध्ये पहिल्या वर्गाचा अथवा वातानुकूलित असे एक-दोन डबे. वरच्या वर्गाचे डबे गाडीत पाहुण्यासारखे असत.

१९९० नंतरच्या दशकात वातानुकूलित त्रिस्तरीय डबा आला आणि २००० नंतर जर्मन बनावटीच्या नमुन्याचे नवे डबे आले. हे डबे अधिक सुरक्षित आहेत, टकरीत ते एकमेकांवर चढत नाहीत, हा लाभ सर्वांचा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. जुन्या पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन पेरांबूरला २०१८ मध्ये थांबले. पण डबे बदलताना रचनाही बदलली. शयनयानाच्या जागी हळूहळू वातानुकूलित डबे बसत गेले. त्याचा हिशेब सोपा आहे. नव्या शयनयानात ८० शायिका असतात, नव्या वातानुकूलित त्रिस्तरीय डब्यात ७२. एखाद्या गाडीतील पाच शयनयाने काढून तितकेच वातानुकूलित डबे जोडले की स्वस्त शायिका ४०० ने घटतात आणि सुमारे अडीचपट भाड्याच्या ३६० वाढतात. ते चारशे प्रवासी नाहीसे होत नाहीत. त्यांना हंगामावर जायचे असते, परीक्षेला जायचे असते, रुग्णाला घेऊन टाटा रुग्णालयात यायचे असते. ज्यांना परवडते ते वर सरकतात. उरलेले टोकाच्या बिनआरक्षित डब्यांत कोंबले जातात, जेथे शंभर आसनांवर किती माणसे बसतात हे मोजण्याची कोणास गरज वाटत नाही. करोनाच्या काळात तर बिनआरक्षित तिकीटच बंद झाले, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते सर्रास परत येण्यास २०२२ साल उजाडले.

टोकाला असण्याची किंमत केवळ दगदगीत मोजायची नसते. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली आणि तिच्या घसरलेल्या डब्यांचा धक्का पलीकडून जाणाऱ्या हावडा गाडीच्या शेवटच्या डब्यांना बसला. २९० हून अधिक माणसे मेली. एका गाडीचा पुढचा भाग आणि दुसरीचा मागचा भाग, म्हणजे नेमक्या बिनआरक्षित प्रवाशांच्या जागा, या आघाताखाली आल्या. त्यांची नावे आरक्षणाच्या तक्त्यावर नसल्यामुळे मृतांची ओळख पटवणेही अवघड झाले. गाडीच्या रचनेत जो कडेला असतो तो मरणातही नोंदीबाहेर राहतो, एवढे या एका घटनेने दाखवले.

तोट्याचा युक्तिवाद

याला उत्तर म्हणून तोट्याचा हिशेब पुढे केला जातो. प्रवासखर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते, असे वाक्य २०१६ पासून रेल्वेने तिकिटांवर छापले. वातानुकूलित त्रिस्तरीय वर्ग आपला खर्च बऱ्याच अंशी भरून काढतो, शयनयान आणि बिनआरक्षित वर्ग काढत नाहीत. मग पहिल्याचे डबे वाढवणे शहाणपणाचे नव्हे काय, असे विचारले जाते. हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नये. प्रवासी गाड्यांची तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरावी लागते, आणि मालाचे चढे भाडे अखेर धान्याच्या व सिमेंटच्या किमतीतून गरिबावरच येते, हे खरे आहे.

परंतु रस्त्यावरील बसला, विमानतळाला, महामार्गाला सार्वजनिक पैसा दिला की ती गुंतवणूक ठरते आणि शयनयानाला दिला की तो तोटा ठरतो, ही हिशेबाची भाषा तपासून घ्यावी लागेल. गिरण्या, बांधकामे, ऊसतोड आणि बंदरे ज्या स्थलांतरित श्रमावर चालतात, तो श्रम स्वस्त गाडीने येतो. त्या श्रमाचा नफा मालकाच्या वहीत जमा होतो आणि त्याच्या प्रवासाचा खर्च रेल्वेच्या वहीत तोटा म्हणून पडतो. शिवाय वर्गवार तुटीचे आकडे काढताना इंजिन, रूळ आणि सिग्नल यांचा खर्च कोणत्या वर्गावर किती टाकायचा, हा निवडीचा भाग असतो. तो निसर्गनियम नव्हे. १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जात असे, आणि त्या निमित्ताने दूरच्या तालुक्याचा प्रतिनिधीही आपल्या गाडीला आणखी एक डबा मागू शके. २०१७ मध्ये तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला आणि ही चर्चा आक्रसली. तोट्याचा युक्तिवाद खरा की खोटा हे ज्या सभागृहात ठरायचे, तेथेच त्याला आता पुरेसा वेळ मिळत नाही.

वेगळी गाडी की गाडीत जागा?

लोकांची नाराजी सरकारपर्यंत पोहोचलीच नाही असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमृत भारत गाड्या सुरू झाल्या. दोन्ही टोकांना एकेक इंजिन, बारा शयनयाने, आठ बिनआरक्षित डबे आणि दोन सामानाचे डबे, अशी बावीस डब्यांची त्यांची तेव्हाची रचना पूर्णतः बिनवातानुकूलित होती. २०२४ मध्ये सुमारे दहा हजार बिनवातानुकूलित डबे दोन वर्षांत बांधण्याची योजना जाहीर झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. विरोधासाठी विरोध म्हणून त्यांना नावे ठेवणे योग्य होणार नाही.

मात्र त्यांत एक फरक लपलेला आहे आणि कार्यकर्त्यांनी तो ओळखला पाहिजे. गीतांजली ही सर्वांसाठी एकवर्गी गाडी होती. ज्याला त्या मार्गाने वेगाने जायचे, त्याला त्याच वर्गात बसावे लागे. आजची बिनवातानुकूलित गाडी ही गरिबांसाठी वेगळी काढलेली गाडी आहे, आणि तिच्या शेजारच्या रुळावरून संपन्नांसाठी वेगळी काढलेली वंदे भारत जाते. या विभागणीची सुरुवात मार्च १९६९ मध्ये राजधानी एक्स्प्रेसने झाली. शताब्दीने ती रुळवली. आता ती नियम होऊ पाहत आहे. पूर्वी वर्ग डब्यांत विभागलेले होते, आता ते गाड्यांत विभागले जात आहेत. सांधा तुटला आहे. वरच्या वर्गाची गाडी वेळेवर जावी म्हणून खालच्या वर्गाची गाडी बाजूच्या रुळावर थांबवली जाते, आणि थांबलेल्या गाडीत तक्रार करू शकणारा, ज्याची तक्रार ऐकली जाईल असा, कोणी उरलेला नसतो. जुन्या मेलमधील न्यायाधीश आणि गिरणी कामगार निदान एकत्र खोळंबत. आता एकटा कामगार खोळंबतो.

वेगळ्या गाडीची गर्दीही वेगळी असते. २७ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरला जाणारी संपूर्ण बिनआरक्षित अंत्योदय गाडी फलाटाला लागत असताना चढण्यासाठी झुंबड उडाली आणि प्रवासी चेंगरून जखमी झाले. दिवाळी आणि छठपूजेसाठी गावी निघालेली ती माणसे होती. गाडीच्या नावात अंत्योदय होता. तिच्या दारात जुनाच तिसरा वर्ग होता.

काय मागावे

मागण्या थोड्या आणि नेमक्या असाव्यात. पहिली, प्रत्येक मेल व एक्स्प्रेस गाडीत शयनयान आणि बिनआरक्षित डब्यांचे किमान प्रमाण नियमाने ठरवावे आणि ते संसदेपुढे ठेवावे. बावीस डब्यांच्या गाडीत बारा डबे बिनवातानुकूलित असतात असे सरकार सांगते. मग तो नियम प्रत्येक गाडीला लागू करण्यास हरकत नसावी. दुसरी, कोणत्याही गाडीची रचना बदलण्यापूर्वी किती स्वस्त जागा कमी होणार हे त्या त्या स्थानकावर जाहीर करावे. तिसरी, बिनआरक्षित डबे केवळ टोकांना ठेवण्याची प्रथा तपासावी. किमान इंजिन आणि हे डबे यांच्यामध्ये, तसेच गाडीच्या शेवटी, सामानाचे डबे असावेत. सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीची इंजिने आज मेल ओढतात. धुराचे कारण केव्हाच संपले आहे. चौथी, भारी भाड्याच्या गाडीसाठी साध्या गाडीला किती वेळ थांबवले, याची नोंद प्रसिद्ध व्हावी.

या मागण्या दिल्लीत मांडण्यापूर्वी त्या आपल्या स्थानकावर सिद्ध कराव्या लागतील. मनमाड, भुसावळ, दौंड, मिरज, वर्धा, रत्नागिरी अशा ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी महिनाभर एक वही ठेवावी. गाडीचा क्रमांक, तारीख, शयनयाने किती, बिनआरक्षित किती, वातानुकूलित किती, बिनआरक्षित डबे गाडीत कोठे, गाडी कोणासाठी किती वेळ थांबली, एवढ्याच नोंदी कराव्यात. गांधीजींनी एका डब्यावरची बावीस माणसांची पाटी वाचली आणि आतील माणसे मोजली, त्यातून तिसऱ्या वर्गाचा प्रश्न देशापुढे आला. दंडवत्यांनी फळीची जाडी पाहिली आणि तीवर दोन इंच वाढवले. दोघांनीही प्रथम गाडी नीट पाहिली होती. पुढची मेल येईल तेव्हा इंजिनापासून सुरुवात करावी आणि शेवटच्या डब्यापर्यंत मोजत जावे.